बुधवारची मोटर

यशवंत रायपुरे यांच्या सायकलच्या दांडीला एक खाकी पिशवी अडकवलेली असे. तिच्यात सरकारी कागद असत, फडक्यात बांधलेली भाकर असे आणि शिलाई यंत्राच्या तेलाची एक लहान बाटली असे. कागदांचे आणि भाकरीचे कोणाला नवल नव्हते. तेलाचे होते. रायपुरे जिल्हा उद्योग कार्यालयाचे निरीक्षक होते, शिंपी नव्हते, आणि त्यांच्या घरी शिलाई यंत्र नव्हते. चिचखेड्याच्या किराणा दुकानदाराने एकदा मला विचारले, "हे साहेब सारखं तेल कायले नेतेत जी?"

"मोटरला," मी म्हणालो.

"कोनत्या मोटरीले? तिकडे तं लाइनच नाई."

त्याचे म्हणणे बरोबर होते.

चिचखेडा हे नागभीडहून सिंदेवाहीकडे जाताना रस्त्याला लागलेले धानपट्ट्यातले गाव. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने गावाबाहेर लहान उद्योगांसाठी आठ गाळे बांधले. विटांच्या भिंती, सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर, पुढे ओटा. उद्घाटन झाले, फीत कापली गेली, नावाचा फलक लागला. वर्षभराने मी तिथे गेलो. नागपूरच्या एका दैनिकासाठी मी चंद्रपूरहून बातम्या पाठवत असे, आणि या औद्योगिक वसाहतीत काय तयार होते ते लिहून पाठव, असे कार्यालयाने कळवले होते. सात गाळ्यांना कुलपे होती. आठव्याच्या दारात एक बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. आत इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला, चष्मेवाला, चाळिशीचा माणूस उकिडवा बसून एका नव्याकोऱ्या विजेच्या मोटरची पुली हाताने फिरवत होता. फिरवायचा, थांबायचा, कान लावायचा, तेलाचा एक थेंब सोडायचा, पुन्हा फिरवायचा.

मी ओळख सांगितली आणि वसाहत कधी सुरू होणार असे विचारले.

"सुरू आहे," ते पुली न सोडता म्हणाले. "अडलेली आहे."

हा फरक ते फार गंभीरपणे करत. 'होत नाही' हा शब्द त्यांना चालत नसे. गाळेधारकांपैकी कोणी तो वापरला, तर ते लगेच तालुक्याच्या बोलीवर येत: "होत नाई म्हनू नका. अडलं म्हना. अडलं कुठी, ते पाहू." अधिकाऱ्यांशी ते पुस्तकी मराठीत बोलत, गावात गावासारखे. दोन्ही भाषांत त्यांचा रागाचा शब्द एकच होता: कमाल आहे. चष्मा डोळ्यांवर असताना ते तो उच्चारत, तेव्हा त्यात कौतुक असे किंवा थट्टा. चष्मा काढून उच्चारला, तर समोरच्याने जपून राहावे. त्याहून मोठा राग मी तोवर पाहिला नव्हता.

दारातली बाई म्हणजे अंजनाबाई. धिवर समाजाची, नवरा गावच्या तलावात मासे धरणारा. ती स्वतः मुरमुरे, फुटाणे आणि पोहे करून आजूबाजूच्या बाजारांत विकत असे. मुसळाने पोहे कांडून तिच्या खांद्याचा सांधा गेला होता. रायपुरेंनीच तिला गाळा घ्यायला लावला, बँकेचे कर्ज मंजूर करून दिले, नागपूरहून पोह्याचे यंत्र आणि मोटर आणवली. मोटर बसवायला आलेल्या मिस्त्रीने जाताना बजावले होते: बंद ठेवाल तर ओल धरून जाम होईल; वीज येईपर्यंत आठवड्यातून एकदा हाताने फिरवा, तेल द्या. बुधवार हा चिचखेड्याचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी रायपुरे तालुक्याहून सायकलने येत आणि आधी मोटर फिरवत. मग इतर काम.

"मोटर म्हंजे माई नवरी हाय, पेपरवाले भाऊ," अंजनाबाई मला म्हणाली. "हळद लागली, मंडप पडला. वरातच नाई येऊन राह्यली."

"येईल, बाई."

"मी कधी म्हनलं नाई येनार? नवरी जाम होऊ नये म्हून तं तुमी तेल लावून राह्यले."

रायपुरे चष्म्यातून हसले. "कमाल हाये," ते म्हणाले.

वरात कुठे अडली होती ते त्यांनी मला त्याच दिवशी चालत दाखवले. गाळ्यांच्या मागे तलाव होता. पुढे, गाळे आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये, मुरमाड जमिनीची एक पट्टी होती. तिच्यावर टाकळा उगवलेला होता, गुरे चरत होती, आणि बुधवार असल्यामुळे बाजाराला आलेल्या बैलगाड्या सोडलेल्या होत्या. रस्त्याच्या कडेला विजेचे सिमेंटचे खांब एकावर एक रचून पडले होते, शेजारी तारेची गुंडाळी. झाड एकही नव्हते.

महसुली नोंदीत मात्र ही पट्टी 'झुडपी जंगल' होती. आमच्या भागात अशा नोंदीच्या जमिनी गावोगाव आहेत. कधीकाळी झुडपे असलेली, गुरे चरण्यापुरती पडीक ठेवलेली जमीन कागदावर जंगल म्हणून उतरली. त्याने कोणाचे काही अडत नव्हते. मग ऐंशी साली कायदा आला की जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर दिल्लीची परवानगी लागेल. कायदा जंगल वाचवण्यासाठी होता आणि या जिल्ह्यांत त्याची गरज होती. पण कार्यालये जमीन पाहत नव्हती, नोंद पाहत होती. पट्टीतून गाळ्यांपर्यंत जाणारी पांदण जुनी, तेव्हा माणसाला जायला मनाई नव्हती, गाडीला नव्हती. खांबाचा खड्डा नवा होता.

गाळे बांधताना हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण गाळ्यांची जमीन साधी सरकारी होती. बांधणाऱ्या खात्याने बांधून दिले. विजेच्या खात्याने खांब आणून टाकले. प्रत्येकाने आपले काम पुरे केल्याचे कळवले होते, आणि ते खरे होते.

त्या आठवड्यात रायपुरेंबरोबर मी दोन कार्यालयांत गेलो. विजेच्या कार्यालयातला अभियंता तरुण होता आणि आदबीने बोलला. "खांब माझे, तार माझी, माणसं माझी. जमीन माझी नाही. खड्डा मारला तर माझ्यावर गुन्हा."

वनक्षेत्राचे अधिकारी, ज्यांना सगळे रेंजरसाहेबच म्हणत, निवृत्तीला आलेले भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि स्वतःच विषय काढला.

"रायपुरे, तुमच्या त्या पट्टीत मला एक झाड दाखवा. मी उद्या नोकरी सोडतो."

"म्हणजे जंगल नाही."

"जंगल आहे."

"कशावरून?"

"नोंद आहे त्यावरून."

रायपुरेंनी चष्मा काढला. "कमाल आहे," ते म्हणाले. रेंजरसाहेब रागावले नाहीत. मान हलवून म्हणाले की या जागेवर झाड नाही, लाइन टाकायला हरकत नाही, असा अभिप्राय मी लिहून देतो. पुढे तो वर जाईल आणि वरून परवानगी येईल. त्यांनी शब्द पाळला. प्रस्ताव त्याच महिन्यात चंद्रपूरला गेला, तिथून नागपूरला, तिथून आणखी पुढे.

माझी बातमी छापून आली, आतल्या पानावर, उद्घाटनाच्या जुन्या छायाचित्रासह. छायाचित्रात कुलपे नव्हती.

बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर या गाळ्यांची थट्टा चाले. सरकारने भुतांसाठी बंगले बांधले, असे कोणी म्हणे. कोणी म्हणे, अंजनाबाईने मोटरीला पाळण्यात घालावे. सगळे हसत, मीही. रायपुरे हसत नसत, आणि उठूनही जात नसत. एकदा मी त्यांना याबद्दल विचारले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तुम्हाला सरकारवर हसता येतं. मला येत नाही," ते म्हणाले. "माझे वडील लाकडाच्या डेपोत ओंडके चढवत. त्यांना डेपोच्या बाबूसमोर बसायची सोय नव्हती. मी सरकारी शाळेत शिकलो, सरकारी वसतिगृहात जेवलो, सरकारनं नेमलं म्हणून त्याच बाबूच्या टेबलापलीकडे बसलो. कागदानं मला खुर्ची दिली. कागद खोटा असतो असं मी कसं म्हणू? तो अडतो. खोटा नसतो."

हे ते भाषण म्हणून बोलले नाहीत. पुन्हा बशी उचलली.

डिझेल इंजिन लावा, हा सल्ला प्रत्येक जण देई. रायपुरेंनी तोही तपासला होता. मंजुरी विजेच्या मोटरची होती. इंजिन घ्यायचे तर बँक म्हणे आधी मोटर परत करा, मग नवा प्रस्ताव. आणि मोटर परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. अंजनाबाईच्या दिराने एका हिवाळ्यात शेतावरचे पाण्याचे इंजिन बैलगाडीवर घालून एका दिवसासाठी आणले. मोटरीचा पट्टा काढून इंजिनाला लावला. दुपारपर्यंत खटपट झाली, मग यंत्र फिरले आणि पातळ, पांढरे, गरम पोहे बाहेर पडू लागले. अंजनाबाईने पहिली मूठ रायपुरेंच्या ओंजळीत दिली. नवऱ्याने दुसरी घेतली आणि म्हणाला, "मुसळाचे याहून गोड लागतेत." ती म्हणाली, "तुमाले मुसळ उचलावं लागत नाई नं." तो माल पुढच्या बाजारात दुपारच्या आतच खपला. पण इंजिन दिराचे होते आणि त्याच्या वांग्याला पाणी द्यायचे होते. ते दुसऱ्या दिवशी गेले. यंत्र चालते, माल विकतो, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले, आणि त्यानंतर थांबणे अंजनाबाईला जास्त जड जाऊ लागले.

पुढची गोष्ट पावसाळ्यातली.

आमच्या या झाडीपट्टीत अशी रीत आहे की कोणी तुमचे काम केले, तर त्याच्याकडे रिकाम्या हाताने जायचे नाही. कामाचा मोबदला म्हणून नव्हे. मोबदला दिला तर तो अपमान होतो. मांडवावरचे दोडके, परसातला मका, तलावातला मासा, काहीतरी हातात असावे. रेंजरसाहेबांनी चांगला अभिप्राय दिला होता आणि त्याची फेड झाली नव्हती. हे अंजनाबाईच्या मनात सलत होते. एका सकाळी ती टोपलीत पाल्याखाली चांगला हातभर मासा घेऊन रेंजरसाहेबांच्या घरी गेली. सोबत रायपुरे आणि मधुकर शेंडे होते. मधुकर हा दुसरा गाळेधारक, वेल्डिंग शिकून आलेला. धान काढणीची यंत्रे बनवायची म्हणून त्याने गाळा घेतला होता.

"अहो, श्रावण लागला ना," रेंजरसाहेब टोपलीकडे पाहून म्हणाले.

"श्रावन तुमाले. मासोळीले थोडी ठाऊक?"

ते हसले, पण मासा घेता येईना. बाई तशीच परत जाईना. शेवटी त्यांनीच तोड काढली. रोपवाटिकेत सुबाभळीची रोपे उरली आहेत, पाऊस संपायच्या आत लावली नाहीत तर वाया जातील. ती गाळेधारकांनी लावावीत. फेडही झाली आणि त्यांचे वृक्षारोपणही पुरे झाले.

कुठे लावायची, याचा विचार कोणाला करावा लागला नाही. गाळ्यांसमोर एवढी मोकळी, रिकामी पट्टी होती. सिमेंटचे पत्रे उन्हाळ्यात तापत. बाजारच्या गाड्यांना सावली नव्हती. रायपुरे त्या दिवशी खुशीत होते. "नोंदीत जंगल आहे, जागेवरही थोडं दिसू दे," ते म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता.

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडून स्वतः खड्डे केले. मधुकरने बोरीच्या काट्यांचे कुंपण केले, बकऱ्यांसाठी. अंजनाबाई पोह्याचे धान भिजवल्यावर उरलेले पाणी घागरीने आणून ओतू लागली.

"हे झाडं मोठे होतीन तवर माई मोटर मातारी होईन," ती म्हणाली.

"त्याच्या आधी लाइन येते, बाई."

सुबाभूळ लवकर वाढते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, पुढच्या वर्षीही झाला. बोरीच्या काट्यांतून एकही बकरी आत शिरली नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती झाडे माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि बाजारकरी तिथे सावलीला बसू लागले होते. याच सुमारास वरून कागद उतरला. प्रस्ताव तत्त्वतः योग्य वाटतो. मूळ अभिप्राय जुना झाल्याने जागेची आजची स्थिती पाहून, झाडे आहेत किंवा कसे, ते कळवावे. जुने रेंजरसाहेब निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेला अधिकारी तरुण, नियमाला पक्का. तो त्याच शुक्रवारी पाहणीला येणार होता.

बुधवारी मी चिचखेड्याला होतो. रायपुरेंनी नेहमीप्रमाणे मोटर फिरवली, तेल दिले, मग ओट्यावर येऊन कागद वाचून दाखवला. वाचून झाल्यावर सगळे समोर पाहू लागले. समोर झाडे होती.

मधुकर पहिल्यांदा बोलला. "एका दुपारचं काम हाये. दोन कुराडी, चार मानसं. उद्या सांजेपर्यंत साफ."

"नाही," रायपुरे म्हणाले.

"मुळं बी काढून टाकतो. मुरूम पसरवतो. कोनाले काय दिसते?"

"नाही."

"बरं, कुराड नको. कुंपन काढतो अन् बकऱ्या सोडतो. बकरीले कायदा नाई."

"बकरीला नाही. बकरी सोडणाऱ्याला आहे."

अंजनाबाई बोलली ते हळू बोलली. "काऊन नाई, साहेब? आमीच लावले. मी पानी घातलं. माये झाडं मी काऊन नाई तोडू?"

"लावले आपण, बाई. उभे हायेत सरकारी जंगलात."

"जंगल कुठी होतं? तुमीच म्हनत होते, जंगल नाई म्हून."

रायपुरेंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. 'कमाल आहे' असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी सांगतो त्याले. सारं खरं सांगतो. झाडं मी लावले म्हून सांगतो. तो बी मानूस हाये."

मधुकर उठला. जाताना तो मला उद्देशून बोलला, पण ऐकवायचे रायपुरेंना होते. "लिवा तुमच्या पेपरात. साहेबाचा कागद खरा राह्यला पायजे. आमची मोटर जाम झाली तं चालते."

शुक्रवारी पाहणी झाली. नवीन अधिकाऱ्याने पट्टीतून चालत झाडे पाहिली.

"ही केव्हापासून आहेत?"

"दोन पावसाळे झाले. मी लावली," रायपुरे म्हणाले.

"कोणाच्या परवानगीने?"

"आपल्याच कार्यालयाची रोपं होती. उरलेली होती."

अधिकाऱ्याने पेनाचे टोपण काढले. त्याला वाईट वाटल्याचे दिसत होते. "रायपुरेसाहेब, झाडं कोणी लावली हे मला विचारलेलं नाही. आहेत का, एवढंच विचारलंय." त्याने 'आहेत' असे लिहिले. ते खरे होते.

उत्तर पुढच्या उन्हाळ्यात आले. जागेवर झाडे असल्याने प्रस्ताव नव्याने करावा; बदल्यात तेवढीच दुसरी जमीन शोधून तिच्यावर झाडे लावावीत. रायपुरेंनी ते वाचले, घडी घातली, पिशवीत ठेवले आणि आत जाऊन पुली फिरवत बसले. नेहमीपेक्षा बराच वेळ फिरवत होते. अंजनाबाईने हाक मारली तेव्हा उठले.

मधुकर चंद्रपूरला दुसऱ्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायला गेला. त्याच्या गाळ्यात रेशनचे धान्य ठेवू लागले. एकात रस्त्याच्या ठेकेदाराचे सिमेंट आले. एकात गुरे बसत, परवानगीशिवाय. गाळे भरले आहेत, असे कोणत्याही अहवालात लिहिता आले असते.

रायपुरेंची बदली झाली ती नव्या गडचिरोली जिल्ह्यात, भामरागडच्या बाजूला. पावसाळ्यात नद्या चढल्या की तिकडचा रस्ता तुटतो आणि माणूस असेल तिथे राहतो. उद्योग निरीक्षकाला तिकडे काय काम, असे मी विचारले. "तिथे गाळे नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे बंदही नाहीत." जाताना त्यांनी तेलाची बाटली अंजनाबाईला दिली आणि बुधवार चुकवू नका म्हणून सांगितले. ती बाटली घेताना म्हणाली, "तुमी सांगून जाता, भाऊ. आमाले इथंच राहाचं हाय." साहेबाचा भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

त्यानंतर एक गमतीची व्यवस्था काही वर्षे चालली. रायपुरे भामरागडहून सुटणाऱ्या बसच्या कंडक्टरला निरोप देत. निरोप आलापल्लीच्या स्टँडवर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढे, गडचिरोलीला तिसऱ्या गाडीत. मी एकदा त्या शेवटच्या गाडीत होतो. चिचखेड्याला गाडी थांबली, कंडक्टर दारातून वाकून ओरडला, "अंजनाबाई, साहेबानं इचारलं, फिरवली काय?"

ती पाटी उतरवत होती. "फिरवली म्हना."

"काय फिरवली जी?" एका प्रवाशाने विचारले.

"मले काय ठाऊक," कंडक्टर म्हणाला. "इचारून राह्यले, म्हून सांगून राह्यलो."

गाडीतली माणसे हसली. घंटा वाजली, गाडी सुटली. नद्या चढल्या की निरोप बंद होई आणि पाणी उतरले की मागचे सगळे बुधवार एकदम विचारले जात.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते दशक संपता संपता. अंजनाबाईचा गाळा रद्द झाल्याची नोटीस निघाली होती. मुदतीत उत्पादन सुरू केले नाही, हे कारण. बँक यंत्र आणि मोटर ताब्यात घेणार होती. तो दिवस बुधवारचा निघाला. बँकेने मुद्दाम निवडला नसावा. त्या दिवशी बाजारामुळे ट्रॅक्टर मिळे. बातमी म्हणून तिच्यात काही नव्हते. तरी मी गेलो.

रायपुरे आधीच आले होते, भामरागडहून मुक्काम करत. केस पिकले होते, सायकल नव्हती, सदरा इस्त्रीचाच होता. मोटर सिमेंटच्या पायातून सोडवून माणसांनी ट्रॉलीवर चढवली होती. पोह्याचे यंत्र तिच्या बाजूला होते. त्याच्या फटीत त्या एका दिवसाच्या पोह्यांचा भुसा अजून अडकलेला होता. बँकेचा माणूस सही घेऊन निघायच्या बेतात होता. तेवढ्यात अंजनाबाई पदर खोचून ट्रॉलीवर चढली.

"बाई, आता काय राह्यलं?" तो म्हणाला.

"आज बुधवार हाय."

तिने पुलीला हात घातला आणि एक झटका दिला. पुली फिरली. एकही आवाज न करता फिरत राहिली, तिने हात काढून घेतल्यावरही. तिच्यातून कधी वीज गेली नव्हती, आणि ती नव्यासारखी होती.

रायपुरे ट्रॉलीच्या कडेला उभे होते. "तेल कोनतं?" त्यांनी विचारले.

"तुमची बाटली कधीच सरली. करंजीचं. बैलबंडीच्या आसाले घालतेत ते."

"चाललं?"

"चाललं म्हून तं फिरून राह्यली." तिने पुली तळहाताने थांबवली. "बँकेले द्याची तं चालू द्याची. उद्या म्हनतीन, बाईनं खराब करून देल्ली."

बँकेच्या माणसाने 'मोटर चालू स्थितीत' असे कागदावर वाढवले का, हे मी पाहिले नाही. रायपुरेंनी खिशातून तेलाची लहान बाटली काढली. नवी होती, वाटेत कुठेतरी घेतलेली. त्यांनी ट्रॉलीवर चढून मोटरीच्या दोन्ही टोकांना तेल सोडले, अंजनाबाईने आणखी एकदा फिरवली, आणि दोघे खाली उतरले.

ट्रॅक्टर सुरू झाला. पांदण अरुंद होती. दोन्ही बाजूंच्या सुबाभळी आता छपराइतक्या उंच झाल्या होत्या, आणि त्यांच्या फांद्या वाटेवर वाकून आल्या होत्या. ट्रॉलीवरचे यंत्र त्यांच्यात अडकू लागले. चालक खाली उतरला आणि टूलबॉक्समधून कोयता काढू लागला.

"तोडू नको," रायपुरे म्हणाले.

ते ट्रॉलीच्या पुढे झाले. एका हाताने चष्मा सावरत, दुसऱ्या हाताने एकेक फांदी वर उचलून धरत ते रस्त्याकडे चालू लागले. दुसऱ्या बाजूच्या फांद्या अंजनाबाईने धरल्या. मोटर त्यांच्या हातांखालून हळूहळू बाहेर आली आणि रस्त्यावर, गवतात बुडालेल्या खांबांजवळून, नागभीडकडे वळली.